लायसनवरची तारीख

२ जुलै २०२४, मंगळवार

वारीच्या पालख्या आज पुण्याहून पुढे निघाल्या. रस्ते मोकळे झाले आणि दुपारच्या टपालात गाडीच्या इन्शुरन्सची रिन्यूअल नोटीस आली. पॉलिसी ५ ऑगस्टला संपते. हल्ली हे सगळं मोबाइलवर येतं, पण मी कागदही मागवून घेतो. आयुष्यभर मोटार सर्व्हेअर म्हणून अपघातग्रस्त गाड्या आणि त्यांच्या पॉलिसी पाहिल्या. कागद हातात घेऊन ओळ न् ओळ वाचायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

नोटिशीचे ठळक भाग दोन. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. आणि ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीची दुरुस्ती. माझी गाडी ११९७ सीसीची, म्हणून थर्ड पार्टीचे ३४१६ रुपये. हा आकडा कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं आणि तो १ जून २०२२ पासून तसाच आहे. हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २०९४, दीड हजाराच्या वरच्या गाडीला ७८९७. त्यावर अठरा टक्के जीएसटी.

माझं वय ७२. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा २४ वर्षांचा, त्याची गाडीही माझ्याच जातीची. आम्हा दोघांना थर्ड पार्टीसाठी एकच रक्कम.

४ जुलै, गुरुवार

काल सोसायटीच्या कट्ट्यावर हाच विषय निघाला. "सत्तरीनंतर इन्शुरन्स महाग होतो म्हणे," असं एकजण म्हणाले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. हा समज बहुधा मेडिक्लेमवरून आला असावा. तिथे वय वाढलं की हप्ता खरोखरच चढतो आणि म्हातारपणी तो झेपेनासा होतो. गाडीच्या इन्शुरन्सचं आपल्याकडचं गणित निराळं आहे.

थर्ड पार्टीचा दर फक्त इंजिनाच्या सीसीवर. ओन डॅमेजला गाडीची आयडीव्ही, म्हणजे आजची धरलेली किंमत, गाडीचं वय, सीसी आणि गाडी कुठल्या शहरात नोंदली आहे ते पाहतात. जुन्या टॅरिफमध्ये पुणे मुंबईबरोबर 'अ' विभागात होतं, साताऱ्याची गाडी 'ब' विभागात. २००७ पासून ओन डॅमेजचा दर ठरवायची मुभा कंपन्यांना मिळाली, म्हणून आज दोन कंपन्यांच्या कोटेशनमध्ये हजारांचा फरक पडतो. तरीही वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की आकडा समोर येतो. चालवणारा २४ चा की ७४ चा, हे विचारायच्याही आधी. आपल्याकडे विमा उतरतो तो गाडीचा.

मला हे चांगलंच वाटतं. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला वयाचा दंड नको. पण त्याची दुसरी बाजू कट्ट्यावर कुणाच्या ध्यानात आलेली दिसली नाही. पैसे घेताना चालवणाऱ्याकडे न पाहणारी कंपनी क्लेमच्या वेळी सगळ्यात आधी त्याच्याकडेच पाहते. पॉलिसीत ड्रायव्हरचं एक कलम असतं: अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे त्या वेळी वैध असलेलं लायसन हवं. म्हाताऱ्या माणसाच्या विम्याचा खरा जीव त्या एका वाक्यात आहे. त्याबद्दल नीट लिहायचं आहे.

७ जुलै, रविवार

खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, वय ७८, सकाळीच आले. भाजीवाल्याच्या हातगाडीने त्यांच्या गाडीचा मागचा बंपर फुटलाय. "सर्व्हेअरसाहेब, क्लेम टाकू ना? इतकी वर्षं भरतोय, एक पैसा घेतला नाही कधी."

वहीचं पान फाडून हिशेब मांडला. बंपर ३२०० रुपयांचा, रंगकाम १८००. बंपर प्लास्टिकचा, आणि प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर सरसकट पन्नास टक्के घसारा कापतात. म्हणजे १६०० हातात. रंगाच्या एकत्रित बिलात पंचवीस टक्के माल धरून त्याचा निम्मा कापतात. तिथे २२५ गेले, १५७५ राहिले. बेरीज ३१७५. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये सक्तीचे आपण सोसायचे. उरले २१७५.

आता दुसरी बाजू. त्यांचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता सहा हजार धरला. वर्षानुवर्षं क्लेम नसल्याने त्यांचा नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांवर पोचलाय, म्हणून ते तीनच हजार भरतात. आज क्लेम टाकला की पुढच्या वर्षी बोनस शून्य. त्यानंतर २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढायच्या. मूळ हप्ता तोच राहिला असं धरलं तर पहिल्या वर्षी ३००० जास्त, मग १८००, मग १५००, मग ९००, मग ३००. एकूण साडेसात हजार.

त्यांनी कागद दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि गॅरेजवाल्याला फोन लावला. मी त्यांना इतकंच सांगितलं की बोनस हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. उद्या ही गाडी विकून लहान घेतली तर तो नव्या पॉलिसीवर नेता येतो. फक्त पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत रिन्यू करायची. नव्वद दिवस उलटले की सगळा बोनस गेला. मुलांकडे परदेशी सहा-सहा महिने जाणाऱ्या आईवडिलांचं नेमकं इथेच नुकसान होतं. गाडी कव्हर घालून उभी असते, आणि "चालवत नाही तर कशाला भरा" म्हणून पॉलिसी संपू देतात.

१० जुलै, बुधवार

पोस्टमास्तरांचं काम झालं, पण बोलता बोलता मी त्यांचं लायसन बघायला मागितलं. मुदत गेल्या महिन्याच्या १८ तारखेला संपलेली. त्यांना पत्ताच नव्हता. पूर्वी एकदा काढलं की वीस वर्षं बघायला नको, ही सवय आमच्या सगळ्या पिढीची. पन्नाशीनंतर मात्र मुदती आखूड होत जातात. पंचावन्न उलटल्यावर लायसन दर वेळी पाचच वर्षांचं मिळतं. वयाची वरची मर्यादा कायद्यात नाही. नव्वदीतही लायसन मिळू शकतं, पण पाच-पाच वर्षांनी.

"महिनाभर चालतं ना तसंच?" त्यांनी विचारलं. नाही चालत. मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन वैध मानायची सवलत मोटार वाहन कायद्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. आता मुदत संपली त्याच रात्री लायसन संपलं. वर्षभरात नूतनीकरण करता येतं, पण ते नूतनीकरणाच्या तारखेपासून लागू होतं, मागच्या तारखेपासून नाही. वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यायची. आणि मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, ही सोय असून कुणी वापरत नाही.

म्हणजे गेल्या महिन्यापासून पोस्टमास्तर पूर्ण पैसे भरलेली, कागदावर चालू असलेली पॉलिसी घेऊन विम्याविना गाडी चालवताहेत. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "कार्ड येईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या."

१२ जुलै, शुक्रवार

रात्री झोप लागेना तेव्हा एक जुनी केस आठवत राहिली. नव्वदच्या दशकाची अखेर, पसरणी घाट. वाईहून पाचगणीला निघालेले एक सत्तरीचे गृहस्थ, वळणावर समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला धडक. तो तरुण वाचला, पण पाय गेला. मी गाडीचा सर्व्हे केला, कागद पाहिले. गृहस्थांचं लायसन अपघाताच्या काही दिवस आधी संपलेलं. तेव्हाच्या कायद्यातले तीस दिवस त्यांच्या उपयोगी पडले. क्लेम मंजूर झाला, त्या मुलाला भरपाईही मिळाली.

तीच गोष्ट आज घडली तर? गाडीची दुरुस्ती तर कंपनी सरळ नाकारील. जखमी माणसाचं काय, हा त्याहून मोठा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरण सिंग खटल्यात सांगितलं, की लायसनच्या त्रुटीमुळे जखमीला वाऱ्यावर सोडता येणार नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अट मोडली, हे कंपनीने सिद्ध करायचं, आणि तसं सिद्ध झालं तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावून मग ते मालकाकडून वसूल करायला सांगू शकतं. जखमीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, मला त्यात दुमत नाही. पण वसुली कुणाकडून? मृत्यू किंवा दुखापत झाली तर थर्ड पार्टीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादाच नाही. पाय गमावलेल्या कमावत्या तरुणाची भरपाई लाखांत जाते. ती सत्तरीच्या माणसाच्या फिक्स डिपॉझिटमधून, राहत्या फ्लॅटमधून वसूल व्हायची.

हे सगळं एका कार्डावरच्या तारखेमुळे.

१५ जुलै, सोमवार

सकाळी शेजारच्या विंगमधल्या वहिनी आल्या. त्यांच्या यजमानांना जाऊन दोन महिने झाले. गाडी यजमानांच्या नावावर, चालवायला अधूनमधून ड्रायव्हर बोलावतात. एजंटने नवं कोटेशन पाठवलं आहे, तेही यजमानांच्याच नावाने.

"भाऊजी, नाव बदलायची घाई नाही ना? अजून मनाची तयारी नाही."

मलाही ते सांगणं जड गेलं. पण पॉलिसीची अट स्पष्ट आहे. विमाधारक गेला तर पॉलिसी त्याच दिवशी बंद पडत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवर ती वारसांना चालते. तेवढ्यात आरसी वारसाच्या नावावर करायची आणि पॉलिसीही. गेलेल्या माणसाच्या नावाने घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी टिकत नाही. त्यांच्याकडे फार तर एक महिना उरलाय.

मग एकेक गोष्ट पाहिली. यजमानांचा पन्नास टक्के बोनस वाया जायला नको. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पत्नीकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे राहिली तर बोनस त्यांना मिळू शकतो. एजंटने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. उलट कोटेशनमध्ये मालक-चालकाच्या अपघात विम्याचे पैसे लावले होते. हे पंधरा लाखांचं संरक्षण २०१८ पासून सक्तीचं आहे, पण ते ज्याच्याकडे वैध लायसन आहे अशा मालकासाठी. वहिनींनी आयुष्यात स्टिअरिंग धरलेलं नाही. त्यांच्याकडून हे पैसे घ्यायचेच नाहीत, आणि घेतले तरी त्यांना त्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी पगारी ड्रायव्हरसाठीचं संरक्षण हवं. जुन्या टॅरिफमध्ये ते अगदी किरकोळ पैशांत होतं. इतकी स्वस्त ओळ कुणी आपणहून सुचवत नाही.

गाडी चालवणं सोडून दिलेल्या, पण गाडी ठेवलेल्या कितीतरी ज्येष्ठांच्या पॉलिसीत हीच चूक असते. लायसन संपलेलं, नूतनीकरण करायचा विचारही नाही, आणि दर वर्षी मालक-चालकाचा अपघात विमा मात्र भरतात.

वहिनी जाताना म्हणाल्या, "हे सगळं हेच बघायचे." मी आरटीओचा वारसाचा फॉर्म ३१ भरून देतो म्हणालो.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

उपवास. पोस्टमास्तरांचा ऑनलाइन अर्ज भरून दिला. डॉक्टरांचं सर्टिफिकेट राहिलंय.

२० जुलै, शनिवार

बोस्टनजवळ राहणाऱ्या थोरल्या भावाचा फोन. तो ७६ वर्षांचा, अजून रोज गाडी चालवतो. मी इथल्या घडामोडी सांगितल्या तर त्याला नवल वाटलं. तिथे कंपनी आधी चालवणाऱ्यालाच विचारते: वय काय, किती वर्षं चालवता, किती मैल, मागे अपघात किंवा दंड झाला का, घरात आणखी कोण चालवतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सत्तरीच्या पुढे हप्ता पुन्हा चढू लागतो. हवाईत वयावरून हप्ता ठरवायला बंदी आहे. त्याच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर ६५ वर्षांवरच्यांना कायद्यानेच पंचवीस टक्के सूट. मात्र पंचाहत्तरीनंतर लायसनचं नूतनीकरण ऑनलाइन होत नाही. स्वतः जाऊन डोळे तपासून घ्यावे लागतात. काही राज्यांत ज्येष्ठांनी सुरक्षित वाहनचालनाचा छोटा अभ्यासक्रम केला की हप्त्यात सवलत मिळते.

ही शेवटची गोष्ट मला मनापासून आवडली. आपल्याकडेही कंपन्यांनी हे करावं. साठीनंतर नव्या रस्त्यांवर, उड्डाणपुलांच्या जाळ्यात, चुकीच्या बाजूने येणाऱ्या दुचाकींमध्ये गाडी कशी हाकायची, हे कुणी दोन दिवस नीट शिकवलं तर मी पहिल्या बाकावर बसेन. सवलत मिळाली नाही तरी.

वयावरून हप्ता ठरवायचा की नाही, यावर आम्हा भावांचं एकमत झालं नाही. त्याचं म्हणणं, जोखीम जास्त असेल तर पैसे जास्त, हाच न्याय. माझं म्हणणं, माणूस महिन्यातून किती चालवतो आणि कसा चालवतो ते मोजा, जन्मसाल नको.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळला. सकाळी सिंहगड रस्त्यावरून फोनवर फोन. खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं, एकता नगरीत घरांत शिरलं. तळमजल्याच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. माझा एक जुना सहकारी, वय ७४, तिथेच राहतो. पहिला प्रश्न त्याचा नव्हे, त्याच्या मुलाचा: "काका, पाणी उतरलंय, बाबा म्हणताहेत गाडी सुरू करून बघू."

मी अक्षरशः ओरडलो. किल्ली लावूच नका. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उभ्या गाडीत पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या ओन डॅमेजमध्ये येतं, कारण पूर हा पॉलिसीतला धोका आहे. पण पाण्यात गाडी सुरू केल्याने इंजिन गेलं, तर कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणते आणि हात वर करते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं ॲड-ऑन लागतं. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी टोईंग करून न्या, असं सांगितलं.

२०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याच्या पुराने अशाच गाड्या वाहून नेल्या होत्या. तळमजल्यावर पार्किंग आणि जवळ ओढा किंवा नदी असेल, तर पुण्यात इंजिन प्रोटेक्टवर काटकसर करू नये. माझं हे मत ठाम आहे. बाकीच्या ॲड-ऑनबद्दल मी इतका आग्रही नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं संरक्षण, बऱ्याच कंपन्या पाच वर्षांपर्यंतच्याच गाडीला देतात, माझी सात वर्षांची. किल्ली हरवल्याचं, गाडीतल्या सामानाचं, असली संरक्षणं मी घेत नाही. रोडसाइड असिस्टन्स मात्र घेतो. या वयात भर उन्हात द्रुतगती मार्गावर पंक्चर काढायला वाकवत नाही, आणि बायको शेजारी बसलेली असते.

२७ जुलै, शनिवार

सहकाऱ्याच्या गाडीचा सर्व्हे झाला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे गेला की गाडी टोटल लॉस धरतात. त्याची त्याच रेषेवर आहे. त्याने हप्ता कमी यावा म्हणून आयडीव्ही मुद्दाम उतरवून घेतली होती. वाचले असतील सात-आठशे रुपये. आता टोटल लॉस झाला तर हाती येणारी रक्कम त्या उतरवलेल्या किमतीइतकीच. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही दोघांच्या संमतीने ठरते, म्हणून एजंट सांगेल त्या आकड्याला हो म्हणायचं नसतं. सेकंड हँड बाजारात तशी गाडी कितीला जाते ते आधी पाहायचं.

कंपनी कुठलासा जुना कागद मागत होती. मी त्याला विमा नियामकाचं यंदाच्या जूनमधलं परिपत्रक दाखवायला सांगितलं: कागदपत्रं नाहीत एवढ्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. तरी अडवलं तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत केळकर रस्त्यावर आहे. वकील लागत नाही, फी नाही, पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा तिथे होतो. ज्येष्ठांनी कोर्टाच्या पायऱ्यांना घाबरून हक्काचे पैसे सोडू नयेत.

३० जुलै, मंगळवार

पोस्टमास्तरांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. चाळिशीनंतर नूतनीकरणाला फॉर्म १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. पुष्कळ जण ते कुठेतरी सही मारून आणतात. आमच्या डॉक्टरांनी खिडकीतून पंचवीस मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचायला लावली, रातांधळेपणाचं विचारलं, ऐकू किती येतं पाहिलं. पोस्टमास्तरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला निघाला. डॉक्टरांनी सही केली नाही. आधी ऑपरेशन, मग फॉर्म.

ते रिक्षात गप्प होते. मग म्हणाले, "बरं झालं किल्ली तुमच्याकडे आहे."

मी स्वतः रात्रीचं चालवणं सोडलंय. समोरच्या एलईडी दिव्यांचा झोत डोळ्यांत गेला की रस्त्याची कड दिसत नाही. हे कुणी सांगितलं म्हणून नाही, मला कळलं म्हणून. विमा कंपनी याबद्दल काही विचारत नाही, पण रस्त्यावर माझ्यासमोर येणाऱ्याला माझ्या नजरेवरच भरवसा ठेवावा लागतो.

संध्याकाळी माझ्या पॉलिसीची कोटेशनं घेऊन बसलो. जुलै २०२२ पासून नियामकाने किलोमीटरवर आधारलेल्या ओन डॅमेजला परवानगी दिली आहे. वर्षाचे ठरावीक किलोमीटर आधी निवडायचे, हप्ता त्याप्रमाणे कमी. भाजी, बँक, वर्षातून एकदोनदा कोकण, एवढंच चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे नेमकं सोयीचं. फक्त किलोमीटर संपत आले की टॉप-अप घ्यायचा. नाहीतर ओन डॅमेज थांबू शकतं. थर्ड पार्टी मात्र चालूच राहते.

स्वेच्छेने जास्त रक्कम सोसायची तयारी दाखवून हप्ता कमी करायचाही मार्ग आहे. जुन्या टॅरिफप्रमाणे अडीच हजार स्वतः सोसले तर ओन डॅमेजमध्ये वीस टक्के सूट, पण साडेसातशेच्या वर नाही. छोटे क्लेम मी तसेही टाकत नाही, म्हणून मी ते घेतलं. पेन्शनमधून अचानक अडीच हजार काढणं ज्याला अवघड आहे त्याने घेऊ नये.

३ ऑगस्ट, शनिवार

पॉलिसी रिन्यू केली. मुदतीच्या दोन दिवस आधी, म्हणजे गाडीची तपासणी लागली नाही.

फक्त थर्ड पार्टी घ्यावी का, हे कट्ट्यावर पुन्हा विचारलं गेलं. पंधरा वर्षांची, लाखभराचीही न उरलेली गाडी असेल आणि ती गेली तरी चालेल अशी तयारी असेल, तर जरूर घ्यावी. थर्ड पार्टीशिवाय मात्र एक दिवसही नको. पकडलं तर पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा पकडलं तर चार हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंड ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट.

नव्या पॉलिसीच्या छापील कागदांत गाडीचा इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, माझा जन्मदिनांक आहे, नॉमिनीचं नाव आहे. माझं लायसन कधी संपतं ते कुठेही नाही, कुणी विचारलंही नाही. मी कंपनीला पत्र लिहून टाकलंय: रिन्यूअलच्या नोटिशीवर एक ओळ छापा, 'आपल्या लायसनची मुदत तपासा', आणि साठीपुढच्या विमाधारकांना ती तारीख संपायच्या तीन महिने आधी मेसेज पाठवा. पॉलिसी संपायच्या महिनाभर आधीपासून रोज मेसेज पाठवणाऱ्यांना हे जड नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरात साठीपुढचं कुणी गाडी चालवतं, त्यांनी आज जेवणं झाली की आईचं, बाबांचं, आजोबांचं लायसन मागून घ्या, त्यावरची तारीख वाचा, आणि ती वर्षभराच्या आत संपत असेल तर उद्याच अर्ज भरा.